विश्लेषण : गावाबाहेरची मुलींची शाळा, हिंगण्याचे कर्वेनगर कसे झाले?

पुण्याचे कर्वेनगर आज गजबजलेले उपनगर आहे. १९०० मध्ये ते हिंगणे बुद्रुक नावाचे खेडे होते आणि विधवांसाठी शाळा चालवायची तर शहर सोडून तिथवर जावे लागले. तेथील महिलाश्रम हायस्कूल आणि त्याच्या आवारातील संस्थांच्या वाटचालीत मुलींच्या शिक्षणाचे जवळजवळ सगळे वाद भेटतात. मुलींना काय शिकवावे, कुणाबरोबर शिकवावे आणि त्यांनी शाळेत पोहोचावे कसे, हे त्यातले मुख्य. त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाची चर्चा सर्वांत कमी होते.

शहरात शाळा असताना हिंगणे का?

पुण्यात मुलींच्या शाळा नव्हत्या असे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू केली होती. १८८४ मध्ये न्या. रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर आदींच्या पुढाकाराने हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल उघडले. त्यावर टिळकांच्या पत्रांनी टीकेची झोड उठवली. मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसावे, इंग्रजी शिकावे, हे त्यांना मान्य नव्हते. मात्र या शाळांना एक गोष्ट गृहीत धरावी लागे. मुलीला घर आहे आणि घरचे तिला शाळेत पाठवायला तयार आहेत. बालविधवांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी बहुधा खोट्या ठरत. केशवपन झालेली, घरच्या कामाला जुंपलेली पंधरा-वीस वर्षांची मुलगी शाळेत येणार कुठून?

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये ते तेथे आले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडला, म्हणजे स्वतःच्याच गावी, बहिष्कार ओढवून घेतला. १४ जून १८९६ रोजी त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. शहरात विरोध होताच, त्यात प्लेगच्या साथी वारंवार येऊ लागल्या. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा दिली, तेथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर गेला. (पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी: सिंहगड रस्त्यावरचे हिंगणे खुर्द ते वेगळे.)

शाळा चालायची कशी?

चालत, असे उत्तर दिले तर ते शब्दशः खरे आहे. हिंगणे शहरापासून सुमारे चार मैलांवर होते आणि रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. कर्वे दिवसा महाविद्यालयात शिकवत, संध्याकाळी आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन हिंगण्याला जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शहरात परतत. सुरुवातीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांना शिकवायचे, जेवू घालायचे, आजारपणे काढायची आणि शिवाय लोकांना पटवायचे, की इथे पुनर्विवाह लावून देत नाहीत, शिक्षण देतात. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने हे सांगायचे, ही त्यातली अडचण. त्यामुळे कर्वे यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आणि आश्रमाचे काम कटाक्षाने वेगळे ठेवले. सुधारकांना ही माघार वाटली. पण विधवा मुलीचे आईबाप तिला आश्रमात धाडायला तयार झाले ते याच हमीमुळे.

कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे नाव या कामात फार मागे पडते. त्या स्वतः विधवा, पदरी मूल. वीस वर्षांच्या पुढे लिहा-वाचायला शिकून त्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, तोडकेमोडके इंग्रजी घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

आश्रमाची शाळा कशी झाली?

विधवांचा आश्रम सुरू झाल्यावर लक्षात आले, की मूळ दुखणे आधीचे आहे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होते म्हणून तर ती बालविधवा होते. लग्न लांबवायचे तर तोवर मुलीने करायचे काय, या आईबापांच्या प्रश्नाला उत्तर हवे. म्हणून ४ मार्च १९०७ रोजी अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघाले, ते वेगळे आणि शहरात. कारण उघड होते. विधवांच्या सावलीत आपली कुमारिका ठेवायला लोक धजत नव्हते. चार वर्षांनी हे विद्यालयही हिंगण्याला आले. ज्यांना एकमेकींजवळ बसणे अपशकुन मानले जाई, त्या मुली अखेर एकाच आवारात शिकू लागल्या. या शाळेच्या इतिहासातली ही घटना कोणत्याही इमारतीच्या उद्घाटनापेक्षा मोठी मानायला हवी.

गणिताच्या प्राध्यापकाने वेगळा अभ्यासक्रम का मांडला?

१९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१६ मध्ये हिंगण्यातच विद्यापीठ सुरू झाले. माध्यम मातृभाषा, इंग्रजी आवश्यक; शिवाय गृहव्यवस्था, आरोग्य असे ‘स्त्रियांना उपयोगी’ विषय. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा निर्णय काळाच्या पुढचा होता. बायकांचा अभ्यासक्रम वेगळा, ही भूमिका मात्र हुजूरपागेवर टीका करणाऱ्यांच्या फार जवळ जात होती आणि तसे आक्षेप तेव्हाही घेतले गेले.

कर्व्यांचे गणित व्यवहारी होते. बहुसंख्य मुलींना पुरुषांच्याच परीक्षांना बसवण्याचा हट्ट धरला, तर त्या शिकणारच नाहीत, असे त्यांना वाटे. पण या तडजोडीची किंमत विद्यार्थिनींनी मोजली. सरकारी मान्यता नसल्याने त्यांच्या पदवीला नोकरीच्या बाजारात वजन नव्हते. विद्यापीठाला कायद्याने दर्जा मिळाला तो थेट १९५१ मध्ये. दरम्यान १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. तेच आजचे एसएनडीटी. शाळा हिंगण्यातच राहिली. कर्वे यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि खेड्याला त्यांचे नाव पडले. जिथे एकेकाळी गृहव्यवस्थेचे धडे दिले जात, त्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. स्त्रियांना ‘उपयोगी’ काय, याची व्याख्या अशी पंचाहत्तर वर्षांत उलटली.

मग मुलींची वेगळी शाळा आज हवी का?

केरळच्या बालहक्क संरक्षण आयोगाने जुलै २०२२ मध्ये, मुलामुलींच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळीकडे सहशिक्षण आणावे, असा आदेश दिला. राज्य सरकारने मात्र पालक-शिक्षक संघ आणि स्थानिक संस्थांच्या संमतीवर भर दिला. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘सुधारक’मध्ये हिंगण्याची झोपडी उभी राहण्याआधीच लिहिले होते. तत्त्व म्हणून आगरकरांना खोडून काढणे अवघड आहे.

कन्याशाळेच्या बाजूने बोलणारे तत्त्वात शिरत नाहीत, ते पालकांकडे बोट दाखवतात. सातवी-आठवीनंतर मुलीला शाळेतून काढण्याचा विचार करणारे घर ‘मुलींची शाळा आहे’ या एका शब्दावर अनेकदा थांबते. पण त्याहून निर्णायक ठरते ते घर आणि शाळा यांतले अंतर. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. माध्यमिक वर्गांतील मुलींचा पट त्यामुळे लक्षणीय वाढला आणि शाळा लांब असलेल्या गावांत हा फरक अधिक ठळक दिसला, असे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रात एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बसही धावतात. त्यामुळे एखादी फेरी बंद झाली, की त्या मार्गावरच्या मुलींची दहावी धोक्यात येते. शाळा कन्याशाळा आहे की सहशिक्षणाची, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.