कापडाचं आकाश

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (1956) काशीतलं एक जुनं घर आहे. मधोमध अंगण, भोवती खोल्या. अंगणात वरून उतरणारा उजेड इतका मऊ की माणसांच्या मागे भिंतीवर गडद सावली पडत नाही. काशीचे घाट खरे आहेत, पण हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेलं होतं आणि त्याच्यावर आकाश नव्हतंच.

कला-दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त हा सेट आधी उघड्यावर बांधणार होते. पावसाच्या भीतीनं तो बेत सोडावा लागला. छायालेखक सुब्रत मित्र चंद्रगुप्त आणि राय या दोघांशी वाद घालत राहिले. आकाशातून येणारा, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओतल्या दिव्यांनी आणता येणारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी चौकटीवर पांढरं कापड ताणून ते अंगणाच्या वर बसवलं. दिवे खाली ठेवून त्यांची तोंडं वर कापडाकडे वळवली. दिव्यांचा झोत कापडावर आदळायचा आणि पसरून, सौम्य होऊन खाली यायचा. या पद्धतीला आज ‘बाउन्स लायटिंग’ म्हणतात.

त्या काळातल्या स्टुडिओंची रीत आठवली म्हणजे यातलं धाडस कळतं. नटावर समोरून प्रखर झोत टाकायचा, मागून दुसरा झोत टाकून केसांभोवती चकाकी आणायची. खोलीत खिडकी कुठे आहे, वेळ सकाळची की संध्याकाळची, याचा विचार फारसा होत नसे. एकाच माणसाच्या दोन-तीन सावल्या भिंतीवर दिसत. मित्र यांचा प्रश्न साधा होता: या जागी, या वेळी उजेड कुठून आला असता? त्याचं उत्तर मिळाल्यावरच ते दिवा लावत.

हे करणाऱ्या माणसानं छायालेखनाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. 1930 साली जन्मलेले मित्र विशीच्या उंबरठ्यावर असताना फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार ‘द रिव्हर’च्या चित्रीकरणासाठी बंगालमध्ये आले. तिथे काम मिळालं नाही, तेव्हा मित्र नुसतं बघायला जाऊ लागले. छायालेखक क्लोद रन्वार दिवे कुठे ठेवतात, कॅमेरा कुठे, नट कुठे, याच्या आकृत्या ते वहीत काढत. तिथेच त्यांची राय यांच्याशी ओळख झाली. 1952 मध्ये ‘पथेर पांचाली’ सुरू झाला, तेव्हा चित्रपटाचा कॅमेरा याआधी कधीही न चालवलेल्या या बावीस वर्षांच्या तरुणावर राय यांनी पूर्ण विश्वास टाकला. मित्र सतारही वाजवत. ‘पथेर पांचाली’ला संगीत रविशंकरांचं, पण त्यातल्या काही भागात ऐकू येणारी सतार मित्र यांची आहे.

‘जलसाघर’, ‘देवी’, ‘चारुलता’ आणि रंगीत ‘कांचनजंघा’ धरून ‘नायक’पर्यंत (1966) राय आणि मित्र यांनी मिळून दहा चित्रपट केले. मग वाटा वेगळ्या झाल्या. बासु भट्टाचार्य यांचा ‘तीसरी कसम’ आणि जेम्स आयव्हरी यांचा ‘शेक्सपियरवाला’ही मित्र यांनीच टिपले. ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी त्यांच्या नावावरचे चित्रपट मोजकेच. तडजोड जमत नसे, एकेका शॉटच्या उजेडासाठी ते वेळ मागत. निर्मात्यांना हे परवडणारं नव्हतं हे खरं, पण त्या हट्टाशिवाय ‘चारुलता’तल्या दुपारी तशा दिसल्याच नसत्या.

बाउन्स लायटिंगच्या तंत्राचं श्रेय जगभर बरीच वर्षं स्वीडनच्या स्वेन न्यूक्विस्ट यांना दिलं जाई. न्यूक्विस्ट थोर छायालेखक होतेच, पण मित्र यांनी कापड ताणलं ते त्यांच्या कितीतरी आधी. उशिरा का होईना, 1992 मध्ये ईस्टमन कोडॅकनं मित्र यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. अखेरच्या वर्षांत ते कलकत्त्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं.

‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’ ज्यात येतात त्या ‘अपू’ चित्रत्रयीच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनमधल्या आगीत होरपळल्या. तज्ज्ञांनी त्यातला वाचलेला भाग खपून दुरुस्त केला आणि 2015 पासून स्वच्छ प्रती पाहायला मिळतात. ‘अपराजितो’ पाहाल तेव्हा एकदा कथा बाजूला ठेवून नुसतं ते अंगण पाहा.