आधी पोट, मग पाठीची कमान



उसाच्या पत्रिकेत योगासने कशाला, असे काहीजण म्हणतील. पण गटातून फिरताना हुमणी-तांबेऱ्याच्या खालोखाल तक्रार आमच्या कानी येते ती कमरेची. लागण, खुरपणी, तोडणी, सगळी कामे वाकून. मग कोणीतरी सांगते, "भुजंगासन करा, पाठ मोकळी होते." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे.

कण्यात मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कमरेचे 5 मणके. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, म्हणून तो भाग मागे फारसा वाकत नाही. कंबर मात्र चटकन वाकते. नवखा माणूस हातांवर जोर देऊन भुजंगासनात वर उठला, की सगळी कमान कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांवर येते आणि तिथेच कळ निघते. पाणी सखल वाफ्याकडेच धावते, त्यातलाच हा प्रकार.

याला आवर घालतात ते पोटाचे स्नायू. पोटात खोलवर पट्ट्यासारखा आडवा स्नायू असतो. मणक्यांलगतचे बारीक स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ आणि मागे नितंब असे सगळे मिळून कंबर धरून ठेवतात. आपल्या भाषेत ही मोठी बांधणीच म्हणा. माती नीट लागली नाही तर वाऱ्यात ऊस लोळतो. इथे मधला भाग ढिला असला की कमान कमरेत मोडते.

"दिवसभर राबतो, आमचं पोट काय कच्चं आहे?" असेही कोणी विचारील. राबण्याने हात, खांदे, मांड्या तयार होतात. पण तासन् तास कमरेतून लोंबून काम केल्याने कंबर सांभाळणाऱ्या स्नायूंना तालीम मिळतेच असे नाही. ट्रॅक्टरच्या सीटवर सुटलेल्या पोटांबद्दल तर बोलायलाच नको!

तेव्हा पहिले काही आठवडे कमान विसरा. कोपरे आणि चवडे टेकून अंग फळीसारखे सरळ धरा. सुरुवातीला 10 सेकंद पुरे. कंबर खाली झोळ खाऊ लागली की थांबावे. मग गुडघे-हातांवर रांगत्या बाळासारखे राहून उजवा हात व डावा पाय लांब करावा, नंतर उलट. श्वास कोंडू नये.

हे जमले की शलभासन. यात हातांचा टेका नाही, त्यामुळे पाठीत जेवढे बळ तेवढेच अंग वर उचलते, फसवणूक होत नाही. त्यानंतर भुजंगासन, तेही आधी कोपरे जमिनीवर ठेवून. ओटीपोट हलके आत, माकडहाड टाचांकडे, छाती पुढे. उंची किती आली हे मोजू नका. धनुरासन आणि चक्रासनाची घाई तर नकोच.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. आपण शाळेत शिकलो त्या नमस्कारातही आधी अंग फळीसारखे ताठ होते आणि भुजंगासन मागाहून येते. बहुतेकजण ती फळी झटकन उरकतात. तिथे तीन श्वास थांबून पाहा.

पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील, हर्निया असेल, पोटाचे ऑपरेशन झाले असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. पोट रिकामे असावे. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन आलेल्यांनी मात्र आधी झोप काढावी. आसने दुसऱ्या दिवशी.