धर्म शिकवायचा नाही, धर्मांविषयी शिकायचं : वर्गात घेता येतील असे पाच उपक्रम



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं होती, शाळाही दुसरी होती. चौथीच्या वर्गाला मी गृहपाठ दिला, "आपल्या घरच्या देवघराचं चित्र काढून आणा." दुसऱ्या दिवशी छान छान चित्रं आली. एका मुलीचं पान मात्र कोरं. मी लाल पेनने 'अपूर्ण' असा शेरा दिला आणि पुढची वही घेतली. मधल्या सुट्टीत ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी देवघर नाही जी. बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो आहे. तो काढला तर चालते का?"

त्याच गठ्ठ्यात एका मुस्लीम मुलाचं चित्र होतं. त्याने सुरेख गणपती काढला होता आणि मी 'छान' असा शेराही दिला होता. त्याच्या घरी देवघर नाही, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. विचारलं तेव्हा म्हणाला, "शेजारच्यांचं काढलं."

एकीने पान कोरं ठेवलं, दुसऱ्याने उसनं चित्र आणलं. चूक दोघांचीही नव्हती. प्रत्येक घर माझ्याच घरासारखं असणार, असं धरून मी प्रश्न विचारला होता. तेव्हापासून हा विषय कसा घ्यावा याचा विचार करत आले. त्यातून जे उपक्रम वर्गात टिकले, ते इथे मांडते. चौथी ते सातवीला चालतील, थोडा बदल केला तर तिसरीलाही.

आधी कायदा समजून घेऊ

"शाळेत धर्माचं बोलायचंच नाही, भानगड नको," असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणजे आपल्या जिल्हा परिषद शाळेत एखाद्या धर्माची शिकवण श्रद्धा म्हणून मुलांच्या मनात रुजवायची नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही अशा शिक्षणाची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते.

पण वेगवेगळे लोक काय मानतात, कसे जगतात, याची माहिती घेणं ही वेगळी गोष्ट आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक स्पष्ट केला होता. २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयीचा अभ्यास कलम २८ च्या आड येत नाही, असं म्हटलं. आपल्या मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांमध्ये सर्वधर्मसहिष्णुता आहे, वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह हा पाठच आहे. तेव्हा विषय टाळायचं कारण नाही. तो कसा घ्यायचा, एवढाच प्रश्न.

दोन नियम, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा

पहिला नियम बोलण्याचा. वाक्य "आमच्या घरी..." असं सुरू करायचं. "ते लोक...", "त्यांच्यात..." असं नाही. दुसऱ्याबद्दल सांगायचं असेल तर "काही जण असं मानतात" म्हणायचं. आणि "आमच्या घरी यातलं काहीच करत नाही" हेही पूर्ण उत्तर आहे, त्यालाही तेवढाच मान.

दुसरा नियम शिक्षकांसाठी. बघायचं, ऐकायचं, विचारायचं. कोणाकडून करवून घ्यायचं नाही. "नमाज कसा पडतात ते करून दाखव," "आरती म्हणून दाखव," असं मुलाला सांगू नका. त्यात त्याच्या श्रद्धेचं प्रदर्शन होतं आणि बाकीच्यांची करमणूक.

उपक्रम १ : एक वस्तू, अनेक घरं

साहित्य : पणती, मेणबत्ती, कंदील, तांब्याभर पाणी, रुमाल, रिकामं ताट.

धर्माचं नाव घेऊन सुरुवात केली की मुलं लगेच गट पाडतात. म्हणून सुरुवात वस्तूपासून करा. टेबलावर न पेटवलेली पणती आणि मेणबत्ती ठेवा आणि विचारा, "तुमच्या घरी दिवा किंवा मेणबत्ती कधी लावतात? का लावतात?" उत्तरं भराभर येतात. तुळशीपुढे सांजेला, बुद्धवंदनेच्या वेळी, दर्ग्यावर, चर्चमध्ये, कोणी वारलं तर, वाढदिवसाला, आणि हमखास एक उत्तर, "लाइन गेली की!" तेही फळ्यावर लिहा. दिव्याचं पहिलं काम उजेड देणं हेच आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी घ्या. तीर्थ, नमाजाआधीचं वुजू, ख्रिस्ती बाप्तिस्मा, शिखांचं अमृत. तिसऱ्या दिवशी डोकं झाकणं : आजीचा पदर, टोपी, पगडी, रुमाल. शेवटी ताट. लंगर, इफ्तार, विहारातलं भोजनदान आणि आपल्या जिल्ह्याच्या नावाचाच शब्द, भंडारा. सगळ्या ठिकाणी अनोळखी माणसालाही पंगतीत बसवून जेवू घालतात, हे मुलांना स्वतःच दिसतं. आपल्याला सांगावं लागत नाही.

उपक्रम २ : चंद्राची वही

माझा सर्वांत आवडता उपक्रम हाच. भाषा, गणित, विज्ञान सगळं यात येतं.

कृती : एक महिना रोज रात्री चंद्र बघायचा आणि वहीत त्याचा आकार काढायचा. ढग असतील तर 'ढग' लिहायचं. महिना संपल्यावर वर्गात मोठा तक्ता करून सण त्यात बसवायचे.

तक्ता भरू लागला की गंमत सुरू होते. पौर्णिमेच्या रांगेत बुद्धपौर्णिमा, कोजागरी, कार्तिकातली गुरुनानक जयंती आणि माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा येते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या या गुहांकडे गोंड समाज दूरदुरून जमतो, आपल्या वर्गातली काही मुलंही जाऊन आलेली असतात. अमावास्येच्या रांगेत पोळा आणि लक्ष्मीपूजन. महावीरांचा निर्वाणदिनही त्याच अमावास्येचा. अमावास्येनंतरची पहिली बारीक कोर दिसली की ईद. गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा कोणत्या रांगेत, हे मुलांनाच शोधू द्या. नाताळ आणि १४ एप्रिल मात्र चंद्राचं ऐकत नाहीत, त्यांची तारीख ठरलेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तर दोन नोंदी होतात. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली तो दिवस १४ ऑक्टोबर होता आणि त्या दिवशी विजयादशमीही होती.

मग जुनी कॅलेंडरं मागवा. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, ईद दरवर्षी मागे मागे काऊन येते जी?" रमजान ईद २०२२ मध्ये ३ मे, २०२३ मध्ये २२ एप्रिल, २०२४ मध्ये ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३१ मार्च. मुलांना वजाबाकी करू द्या. फरक दहा-अकरा दिवसांचा येतो. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं. राहिले अकरा.

"मग दिवाळी का नाही मागे जात?" हा पुढचा प्रश्न. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मध्ये अधिक श्रावण आला. दर तीनेक वर्षांनी एक महिना वाढवून आपलं पंचांग ऋतूंशी जुळवून घेतं. इस्लामी पंचांगात महिना वाढवत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. दोन्ही हिशेब बरोबर, फक्त पद्धत वेगळी. एकच चंद्र बघून दोन समाजांनी दोन हिशेब मांडले, हे ज्या मुलाने स्वतः वजाबाकी करून शोधलं, त्याला "त्यांचं सगळं उलटंच असतं" हे वाक्य पटणार नाही.

उपक्रम ३ : किल्ला कोणाचा?

आंबागडच्या मुलांना किल्ला म्हणजे घरचाच. म्हणून सहलीला जाण्याआधी चार चिठ्ठ्या करा : गोंड राजा, पठाण सुभेदार, नागपूरकर भोसले, इंग्रज. गटांना विचारा, किल्ला यांपैकी कोणाचा? प्रत्येक गट आपली चिठ्ठी उचलून भांडतो. भांडू द्या थोडं.

मग माहिती द्या. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. नागपूर शहर वसवण्याचं श्रेय यालाच जातं. त्याच्या हाताखालचा सिवनीचा सुभेदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास आंबागडचा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्यांनी तुरुंग म्हणूनही वापरला. शेवटी इंग्रज आले. चारही चिठ्ठ्या बरोबर, फक्त क्रमाने लावायच्या.

वर्गात एक प्रश्न येणारच, "म्हणजे किल्ला हिंदूंचा की मुसलमानांचा?" दचकू नका, रागावूही नका. उलट विचारा, "दगड कोणी वाहिले असतील? चुना कोणी कालवला असेल? त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?" वर्ग शांत होतो. ज्यांच्या घरचे लोक आज दुसऱ्याच्या बांधकामावर जातात, ती मुलं या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलतात.

तुमच्या गावी किल्ला नसेल तर दुसरी जागा घ्या. आपल्याच जिल्ह्यात पवनीला देवळांच्या गावात १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. जवळपास प्रत्येक गावात अशी एक तरी जागा असते, जिथे एकावर एक थर आहेत.

उपक्रम ४ : पाहुण्यांना विचारू

आठवड्याला दोन पाहुणे बोलवा, पण दोघं एकाच धर्माचे. इथे बरेच जण गोंधळतात. आपण 'एक हिंदू, एक मुस्लीम, एक बौद्ध' असे प्रतिनिधी बोलावतो आणि मुलांना वाटतं, तो एक माणूस म्हणजे सगळा धर्म. त्याऐवजी एक माळकरी आजोबा आणि देवाला बकरा कबूल करणारे दुसरे आजोबा एकत्र बसवा. एक नेमाने रोजे धरणारी आजी आणि तब्येतीमुळे न धरणारी मावशी बोलवा. एकाच धर्मात किती तऱ्हा आहेत, हे कळलं की 'ते सगळे असेच' हा समज आपोआप ढिला पडतो.

प्रश्न मुलांनी आधी लिहून काढायचे. उदा. "लहानपणी तुमचा आवडता सण कोणता होता? आता त्यात काय बदललं? कधी उपवास मोडलात का?" पाहुण्यांनाही आधीच सांगा, प्रवचन नको, आठवण सांगा.

उपक्रम ५ : वाक्य दुरुस्त करा

व्याकरणाच्या तासालाच घ्या. फळ्यावर लिहा, "सगळे आदिवासी जंगलात राहतात." "सगळे हिंदू शाकाहारी असतात." "बौद्ध लोक दसऱ्याला काहीच करत नाहीत." मुलांनी वाक्य खरं होईल असं बदलायचं. 'सगळे'च्या जागी 'काही', 'बरेच', 'आमच्या ओळखीचे'. तिसऱ्या वाक्यावर दीक्षाभूमीला जाऊन आलेली मुलं लगेच हात वर करतात. संख्याविशेषणाचा सरावही होतो आणि न तपासता बोलण्याची सवयही मोडते.

पालकांशी दोन शब्द

"माझ्या लेकराला दुसऱ्याचा धर्म शिकवता का?" असं कोणी विचारलं तर राग मानू नये. प्रश्न काळजीतून येतो. मी उपक्रम सुरू करण्याआधी पालकसभेत सगळं वाचून दाखवते, आणि चंद्राची वही बघायला पालकांना बोलावते. मुलाला आपल्या घराबद्दल सांगायला मिळालं की घरी येऊन ते प्रश्न विचारतं, "आजी, आपण हे का करतो?" उत्तर माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, शोधू" म्हणा. त्याने श्रद्धा कमी होत नाही.

मूल्यमापन कसं करायचं?

गुण देऊ नका. श्रद्धेला श्रेणी नसते. वर्णनात्मक नोंदीत एवढंच लिहा : दुसऱ्याचं ऐकून घेतो का? न दुखावता प्रश्न विचारते का? 'सगळे' म्हणताना थांबतो का?

आणि एक नोंद स्वतःसाठी. उपक्रम झाल्यावर वह्या चाळताना दोनच गोष्टी शोधा : कोणाचं पान कोरं राहिलं, आणि कोणी उसनं चित्र आणलं. अशी वही सापडली तर मुलाला शेरा देऊ नका, आपलाच प्रश्न पुन्हा वाचा.

मी आता तो गृहपाठ असा देते : "तुमच्या घरात सगळे जपतात अशा एका जागेचं चित्र काढा." देवघर येतं, बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो येतो, भिंतीवरचं काबाचं चित्र येतं. मागच्या खेपेला एकाने आजोबांची खाट काढली होती. खाली लिहिलं होतं, "ते नाही आहेत, पण इथे कोणी बसत नाही."

त्याला काय शेरा देणार? मी फक्त सही केली.