पॅनोरमा बिघडतो कुठे?

सॉफ्टवेअर जितकं महाग तितका पॅनोरमा देखणा, हा समज हौशी फोटोग्राफरांमध्ये घट्ट बसलाय. पण फुकटातलं ‘हगिन’ आणि विकतचं ‘पीटीगुई’ मुळात एकाच घराण्यातली. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांच्या ‘पॅनोरमा टूल्स’ला वापरायला सोपा चेहरा द्यायचा, म्हणून दोन्ही जन्मली. पीटीगुईने पुढे स्वतःचं इंजिन बांधलं; वेगात आणि सोयीत ते सरस आहे, यात वाद नाही. तरी नीट काढलेले फोटो हगिनही बिनबोभाट जोडतं.

‘ट्रायपॉड लावला की जोड दिसत नाही’ हा दुसरा समज, आणि खरी मेख इथेच आहे. जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहा. लाकडी खांब दोन हातांवर, पलीकडची भिंत तीस फुटांवर. कॅमेरा फिरवला की भिंतीवरच्या खिडकीच्या तुलनेत खांब सरकतो, कारण ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या पोटाखाली असतो आणि लेन्स जिथून ‘बघते’ ती जागा बहुधा त्याच्या पुढे असते. लेन्समध्ये समोरून डोकावलं की अ‍ॅपर्चरचं छिद्र जिथे दिसतं, ती ही जागा. कॅमेरा तिच्याभोवती फिरायला हवा. त्यासाठी तो सरकपट्टीवर मागे घेत जा. खांब आणि खिडकी एकमेकांना धरून फिरू लागले की थांबा. एवढं केलं नाही, तर खांबाचे दोन तुकडे ठरलेले, सॉफ्टवेअर कुठलंही असो. उलट कोकणकड्यावरून दूरचे डोंगर टिपायचे तर नुसत्या हातानेही भागतं.

आकाशात पट्टे उमटले की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. बहुतेकदा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिलेले असतात. दोन्ही मॅन्युअलवर ठेवा, फोकसही बांधा, आणि शेजारच्या फोटोंत पाव ते तिसरा हिस्सा सामाईक येऊ द्या.

इमारत वाकडी दिसली म्हणजे जोडणी चुकली, असंही नाही. वाटोळं दृश्य सपाट चित्रावर उतरवायच्या पद्धतीवर, म्हणजे प्रोजेक्शनवर, ते ठरतं. दंडगोल प्रोजेक्शनमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, आडव्या मात्र वाकतात. रेक्टिलिनियरमध्ये सगळ्या रेषा सरळ, पण साधारण १२० अंशांपलीकडे कडा चिंगमसारख्या ताणल्या जातात. निवड आपली.

लाइटरूम आधीच असेल तर पहिला प्रयत्न त्यातच करा. २०१५ पासून त्यात पॅनोरमा जोडता येतो. तिथे खांब तुटला, तरच हगिन उघडा आणि जुळणारे बिंदू हाताने द्या.