भिंतीतली नळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या घरी वॉशबेसिनवर नवा आरसा लावायचा होता. ईद चार दिवसांवर आलेली, पाहुणे येणार, आणि जुन्या आरशात माणूस देवी आल्यासारखा दिसायला लागला होता. ड्रिल मशीन शेजाऱ्यांचं, हौस माझी. मी आर्ट्‌सचा बी.ए.; माझा हात चालतो तो कागदावर. तरी मोठ्या ऐटीत नळाच्या बरोबर वर, मधोमध, पेन्सिलीने खूण केली आणि सहा मिलिमीटरचं बिट लावलं. टाईल तडकली नाही याच्याच आनंदात होतो. तेवढ्यात मशीन एकाएकी सैल पडून आत गेलं. घाबरून बिट ओढलं, तर पाण्याची धार थेट चष्म्यावर!

मशीन हातात, पाय पाण्यात आणि वायर मागच्या प्लगमध्ये, अशा अवस्थेत मी उभा. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "पहले बटन बंद करो, फिर कॉक!" श्रोतेहो, या विषयावरचं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच. पाणी घर भिजवतं, वीज माणूस नेते. ओल्या हाताने प्लग ओढायला जाऊ नये. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच पाडावा. घरात गळतीचा प्रवाह ओळखणारा, तीस मिलिअँपियरला पडणारा स्विच बसवलेला असेल तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर पाण्यात उभं राहू नये.

मग कॉक. आमची इमारत तीन मजली, आम्ही मधल्या मजल्यावर. गच्चीवरच्या टाकीखाली आठ कॉक, आणि त्यातला आमचा कोणता हे घरातल्या एकाही शहाण्याला ठाऊक नाही. मुलगा वर धावला. त्याने आधी दुसऱ्याच दोन बिऱ्हाडांचं पाणी बंद केलं. त्यांची हाकाटी जिन्यातून ऐकू आली. इकडे मी भोकावर अंगठा दाबून उभा. शेवटी कानावरची पेन्सिल टोकाकडून भोकात खुपसली आणि धारेचं ठिबकणं झालं. ही युक्ती वेडेपणाची नाही. निमुळतं लाकूड भोकात घट्ट बसतं आणि भिजलं की फुगतं. खरं तर बिट बाहेर ओढायलाच नको होतं. वीज बंद करून ते तसंच राहू दिलं असतं, तर तेच बूच झालं असतं.

एवढ्याशा भोकातून पाणी तरी किती जाणार, असं वाटतं ना? टाकी भोकापासून सहा मीटर उंच असेल, तर पाणी सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने बाहेर पडायला बघतं. सहा मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला दहाएक लिटर म्हणा. पंधरा मिनिटं कॉक शोधण्यात गेली तर दीडशे लिटर. त्यातलं समोर उडतं ते आपल्याला दिसतं. भिंतीच्या पोटात शिरतं ते दिसत नाही, ते खालच्याला दिसतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. मागच्याच दिवाळीत त्यांनी छताला रंग दिला होता. आता कबूल करतो, त्या दिवशी माझ्या मनात पाप आलं. फोनवर एका कारागिराने सल्ला दिला होता, "एम-सील भरा, वर आरसा लावा. कोण बघतंय?" चार दिवसांत पाहुणे येणार होते. टाईल फोडावी, तर तशी टाईल आता मिळत नाही. आरशामागे सगळंच लपलं असतं. मी एम-सीलची पुडी आणलीसुद्धा.

थांबवलं ते दुसऱ्या मिस्त्रीने. वयाने माझ्या मुलाएवढा, मला चाचा म्हणणारा. तो म्हणाला, "चाचा, तुम्ही टाईल बुजवणार. नळी कुठे बुजवताय?" त्याचं म्हणणं असं, की लांबी टाईलच्या भोकात अडकते. नळी त्यामागे, आणि तिच्यात चोवीस तास दाब. शिवाय बिट नळीच्या मागच्या अंगालाही टोचलं असेल, तर तिथवर लांबी पोचतच नाही. समोरचं तोंड बंद झालं की पाणी विटांमधून आणि गिलाव्यातून वाट काढतं. महिना दोन महिने काही दिसत नाही. मग खालच्या छताला पिवळट गोल उमटतो, पोपडे धरतात. ओल स्लॅबच्या सळीपर्यंत गेली तर सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि फुगून काँक्रीटच फोडतो.

मी खाली गेलो आणि काकूंना सांगितलं. त्या रागावल्या. मग बादली घेऊन वर आल्या आणि फरशी पुसू लागल्या.

आता दुरुस्ती. आमची नळी सीपीव्हीसीची, साईच्या रंगाची. मला वाटलं होतं, भोकाभोवती रुपयाएवढी भिंत उकरली की झालं. मिस्त्रीने छन्नी घेतली आणि वर-खाली हातभर गिलावा फोडला. माझा जीव कासावीस! पण त्यामागे कारण होतं. टोचलेला भाग दोन-तीन इंच कापून काढायचा, तिथे नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना कपलिंग लावायचं. पहिली टोकं सहज बसतात. शेवटचा सांधा बसवताना मात्र नळी थोडी वाकवून बाहेर घ्यावी लागते, आणि सिमेंटमध्ये जखडलेली नळी वाकत नाही. भोक छोटं ठेवण्याच्या हट्टापायी सांधा तिरपा बसतो आणि पुन्हा गळतो.

दुसरी अडचण थेंबांची. कॉक बंद करून खालचा नळ उघडला, तरी वरून थेंब येतच राहिले. ओल्या नळीवर सोल्युशन धरत नाही. मिस्त्रीने पाव मागितला. मला वाटलं पोराला भूक लागली. त्याने आतला मऊ गर काढून गोळी केली आणि वरच्या नळीत सारली. थेंब थांबले. नंतर पाणी सोडल्यावर पाव विरघळून जातो; फक्त नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवायची.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते नळी आणि कपलिंग दोन्हींचे पृष्ठभाग किंचित विरघळवतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रव उडून गेला की एकच अंग उरतं. म्हणून टोक सरळ कापायचं, कडेची कुसळं काढायची, दोन्हीकडे लावून नळी आत सारताना पाव वळसा द्यायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचं. डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडायचं नाही. आमच्या मिस्त्रीने चार तास सांगितले आणि चहा पिऊन दुसऱ्या कामावर गेला. परत येऊन पाणी सोडलं, सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. रात्रभर भिंत उघडीच ठेवली. गिलावा दुसऱ्या दिवशी. लोखंडी नळी असती तर आटे पाडणं, सूत आणि सफेदा हा खटाटोप वेगळाच.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत नळी भिंतीवरून उघडी यायची. दिसायला ओबडधोबड, पण गळाली तर पोरालाही कळे. पाणी दडवण्याची हौस तशी जुनीच. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली. पण तिला ठिकठिकाणी आत उतरण्याची तोंडं ठेवली होती. आमच्या बांधणाऱ्यांनी नकाशासुद्धा दिला नाही.

तेव्हा भोक पाडण्याआधी एवढं पाहा. नळी बहुधा नळापासून सरळ वर, खाली किंवा आडवी जाते. बटणाच्या बोर्डाची वायरही तशीच. त्या रेषांवर हात घालू नये. मी तर नेमका नळाच्या डोक्यावरच घातला होता. नळ्या शोधणारी साधी यंत्रं धातू ओळखतात, प्लॅस्टिकची नळी त्यांना चकवते. बिटाबरोबर येणारी भुकटी बघत राहावी: टाईलची पांढरी, सिमेंटची करडी, विटेची तांबडी. साईच्या रंगाचा कीस दिसला किंवा भुकटी ओली झाली की मशीन थांबवावं. आणि नवं काम करत असाल, तर गिलाव्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा, शेजारी मापाची पट्टी धरून.

गच्चीवरच्या आठही कॉकवर आता मुलाने तेलरंगाने घरांचे नंबर घातलेत. तीन टाईल मात्र जुळल्या नाहीत, त्या हिरव्या आहेत. काकूंचं छत अजून कोरडं आहे. मी दर महिन्याला जाऊन बघतो, त्या निमित्ताने चहाही होतो. आरसा बाजूच्या भिंतीवर गेला. दाढी करताना थोडं तिरकं उभं राहावं लागतं.