वाळूवर कोण बसणार?

चाकणहून बेटांवर आणि किनाऱ्यांवर सहली निघतात त्या साधारण दोन वेळांना. एक म्हणजे कंपन्या देखभालीसाठी लाइन बंद ठेवतात तेव्हा, आणि दुसरी दिवाळीनंतर, हातात बोनस असतो तेव्हा. डीलर, व्हेंडर, ट्रान्सपोर्टवाले यांचे गट पट्टायाला किंवा बालीला जातात. कामगारांच्या भिशीचे गट आणि नवी जोडपी गोवा नाहीतर अंदमान गाठतात. या गटांबरोबर टूर लीडर म्हणून जाणं हे माझं काम. लोकांना समुद्र दिसतो. मला त्यांच्या पाठीवरच्या अर्धवट उघड्या सॅक दिसतात, गळ्यातले गोफ दिसतात आणि किनाऱ्यावरच्या खुर्चीत फेकलेली पॅन्ट दिसते, जिच्या खिशात पासपोर्ट असतो.

सुरा दाखवून लुटणारा बेटावर क्वचितच भेटतो. माल जातो तो माणूस पाण्यात असताना. आठवडे बाजाराच्या गर्दीत जो पाकिटावरचा हात काढत नाही, त्याच माणसाला समुद्रात शिरताना घड्याळ, फोन, पैसे, गाडीची किल्ली असं सगळं अंगावरून उतरवावं लागतं. आणि नेमका त्याच वेळी अख्खा गट पाण्याकडे धावतो. पाण्यातल्या त्या अर्ध्या तासाचा बंदोबस्त चाकणमध्येच ठरवून निघालेला गट मालासकट परत येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पट्टायाच्या समोर को लार्न नावाचं बेट आहे. आपल्याकडच्या सहलपत्रकात त्याला ‘कोरल आयलंड’ म्हणतात. बाली हाय धक्क्यावरून स्पीडबोट सुटते. वाटेत पॅरासेलिंगचा तराफा लागतो, तिथे निम्मे लोक उतरतात, निम्मे बोटीतच राहतात, आणि कुणाची पिशवी कुठल्या बोटीत गेली याचा पहिला गोंधळ तिथेच होतो. एका गटात महाळुंगेच्या प्रेस शॉपमधले एक सुपरवायझर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच मामांनी खिशातून छोटी वही काढली. प्रत्येकाचा फोन आणि पाकीट एका पिशवीत, पिशवीवर नाव, वहीत सही. मग त्यांनी ड्युट्या लावल्या. दोघांनी वाळूवर बसायचं, अर्ध्या तासाने दुसरे दोघे येईपर्यंत उठायचं नाही.

पोरं कुरकुरली. “मामा, इथं फिरायला आलोय, कंपनीत नाही.”

मामा म्हणाले, “कंपनीत साधा पाना बाहेर न्यायचा तर गेट पास लागतो. आणि साठ हजाराचा फोन चपलेत खुपसून पाण्यात चाललाय व्हय?”

त्या दिवशी आमच्या शेजारच्या छत्रीखालून दुसऱ्या एका गटाची अख्खी सॅक गेली. ती कुणी नेली हे कुणीच पाहिलं नव्हतं, कारण पाहायला तिथे कुणी नव्हतंच. मामांच्या वहीतल्या सगळ्या सह्या संध्याकाळी खोडल्या गेल्या. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गटात वही असते आणि वाळूवर बसणाऱ्यांची नावं निघण्यापूर्वीच्या बैठकीत ठरतात. समुद्र दिसल्यावर हे ठरवता येत नाही. तेव्हा कुणीच ऐकत नाही.

सोन्याचा विषय आमच्या पट्ट्यात नाजूक आहे. भोसरीच्या दत्ता फुगे यांचा सोन्याचा शर्ट २०१३मध्ये देशभर गाजला होता. तेवढं नाही, तरी गळ्यात गोफ आणि मनगटात कडं हा इथल्या अनेक कर्त्या माणसांचा रोजचा पोशाख आहे. पट्टायाच्या बीच रोडवर रात्री हाच गोफ लांबून चमकतो. कुणीतरी हसत येतं, गळ्यात हात टाकतं, दोन शब्द बोलतं आणि निघून जातं. माणूस हॉटेलवर आल्यावर त्याला मान हलकी लागते. भारतीय पर्यटकांच्या साखळ्या अशा गेल्याच्या बातम्या तिथे वरचेवर येतात. सोनंच का, याला कारण आहे. थायलंडमध्ये सोनाराची दुकानं जागोजागी आहेत, तिथलं सोनं ‘बाट’ या वजनात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमच्या मापात विकलं जातं आणि जुनं सोनं मोडणं अगदी सोपं आहे. फोनचं कुलूप तरी तोडावं लागतं, गोफाला तेवढीही अडचण नाही.

एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठना मी बैठकीत म्हटलं, गोफ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून या. ते म्हणाले, “गोफ काढला तर मला कोण ओळखणार?” त्यांची बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, “अहो, तिथं तुम्हाला ओळखतंय कोण?” गोफ लॉकरमध्ये गेला. बायकांच्या मंगळसूत्राचा प्रश्न मात्र भावनेचा असतो, तिथे मी कधी हुकूम सोडत नाही. त्यावर वहिनींनीच आपसांत तोड काढली आहे: खरं मंगळसूत्र घरी सासूबाईंच्या ताब्यात आणि प्रवासात काळ्या मण्यांचं, वन ग्रॅमचं. कुणाला खरं सोनं न्यायचंच असेल, तर भारतातून निघताना विमानतळावर कस्टमला दाखवून त्याचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना हे तिकडे घेतलं का, असा प्रश्न उरत नाही.

पैशांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चाकण मार्केट यार्डातल्या एका आडत्याने. प्रसंग बालीतल्या कुताचा. इंडोनेशियाची सर्वांत मोठी नोट एक लाख रुपियाची असते. शंभर डॉलर दिले की पंधरा लाखांहून जास्त रुपिया हातात पडतात आणि एवढी शून्यं पाहून आपला माणूस भांबावतो. गल्लीतल्या छोट्या दुकानांत पाटीवर भाव बँकेपेक्षा चढा लिहिलेला असतो, तेच आमिष. आत गेल्यावर दुकानदार मुद्दाम वीस हजारांच्या नोटा देतो. ऐंशीएक नोटांचा ढीग होतो. तुम्ही मोजता, बरोबर भरतो. मग तो म्हणतो, एकदा मी मोजतो. त्या शेवटच्या मोजणीत वरच्या काही नोटा टेबलाच्या मागे घसरतात आणि उरलेला गठ्ठा हसतमुखाने तुमच्या हातात येतो.

आमच्या आडत्याचं अर्धं आयुष्य कांद्याच्या पट्ट्या चुकत्या करण्यात गेलेलं. त्याने नोटा मोजल्या, गठ्ठ्यावर पंजा ठेवला आणि मराठीतच म्हणाला, “आता ह्याला तू हात लावायचा नाही.” दुकानदाराला भाषा कळली नाही, पंजा कळला. त्याने भाव चुकला, व्यवहार रद्द, असं खुणावलं आणि डॉलर परत केले. आडत्याने ते डॉलरही उजेडात धरून तपासले, मगच बाहेर पडला. शेवटचा मोजणारा आपण असायचं, आणि आपल्यानंतर गठ्ठ्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याच्या धंद्यातला नियम. बालीत परवाना असलेल्या दुकानांवर ‘बेरिझिन’ असा शब्द असलेली हिरवी खूण असते. मी गटाला तिथेच नेतो, भाव थोडा कमी मिळाला तरी.

याच माणसाने मला चोरखिशाची आठवण करून दिली. चाकणच्या बाजारात कांदा विकून परतणारे जुने शेतकरी पट्टीचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. एसटीच्या गर्दीतही त्याला कुणाचा हात लागत नसे. त्यांची नातवंडं आज बर्म्युडाच्या ढगळ खिशात पैसे घालून परदेशात फिरतात. म्हणून मी गटातल्या लोकांना निघण्याआधी शिंप्याकडे पाठवतो: आतून चेनचा चोरखिसा लावून घ्या. त्यात एक कार्ड आणि एका दिवसाचे पैसे. बाकीचं हॉटेलच्या तिजोरीत. खोलीतली ती छोटी तिजोरी आधी हलवून बघायची, कारण काही ठिकाणी ती भिंतीला बसवलेलीच नसते. शिवाय तिचा एक मुख्य कोड हॉटेलच्या लोकांकडे असतो, हेही लक्षात ठेवावं. मोठी रक्कम असेल तर ती काउंटरवर पावती घेऊन द्यावी. आणि तिजोरीत पासपोर्टबरोबर स्वतःची एक चप्पल ठेवावी. हे ऐकून लोक हसतात, पण निघायच्या पहाटे घाईत पासपोर्ट तिजोरीतच विसरणारे मी बरेच पाहिलेत. एका पायात चप्पल घालून कुणी विमानतळावर जात नाही.

जेट स्कीवाल्यांचं थोडक्यात सांगतो. पट्टाया आणि फुकेत इथली जुनी तक्रार अशी की जेट स्की पाण्यातून परत आणली की मालक आधीचाच ओरखडा दाखवून भरपाई मागतो, आणि ठेव म्हणून घेतलेला पासपोर्ट अडकवून धरतो. पाण्यात नेण्यापूर्वी मालकाला शेजारी उभं करून चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा. पासपोर्ट ठेव म्हणून द्यायचाच नाही. तरी अडलं तर थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर फिरवायचा.

बालीत तर उलुवाटूच्या देवळात माकडंही चष्मे, टोप्या, फोन पळवतात आणि खाऊ दिल्यावरच परत करतात. कोणत्या वस्तूसाठी माणूस जास्त खाऊ देतो हे त्यांना कळतं, असं जाँ-बाप्तिस्त लेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये संशोधनातून दाखवलं. तिथे चष्मा काढून पिशवीत, पिशवी पोटाशी.

निघोजेचं एक नवं जोडपं बालीतच अडचणीत आलं. रस्त्याच्या कडेने चालताना मुलीच्या खांद्यावरची पर्स रहदारीच्या बाजूला होती. स्कूटरवरून दोघं आले आणि पर्स घेऊन गेले. त्यात दोघांचे पासपोर्ट आणि तिचा फोन. मुलगी रस्त्यातच रडायला लागली. तिला सावरायलाच अर्धा तास गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. मुलाच्या मोठ्या भावाकडे चाकणला पासपोर्टच्या प्रती होत्या. सेकंड शिफ्ट संपवून तो घरी आला आणि त्याच रात्री त्याने त्या पाठवल्या. सकाळी पोलिसांचा अहवाल, मग देनपसारमधला भारतीय वाणिज्य दूतावास, तिथून मायदेशी परतण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र आणि शेवटी इमिग्रेशन कार्यालय. प्रती हाताशी नसत्या तर ओळख पटवण्यातच दिवस गेले असते. विम्याने पासपोर्टचा खर्च दिला, पर्समधली रोकड नाही. रोकड बहुतेक विम्यांत धरलेलीच नसते आणि पोलिसांच्या कागदाशिवाय बाकीचंही मिळत नाही.

फोनबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाकडून निघण्याआधी करवून घेतो: सिमला पिन लावणं. स्क्रीनला कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. सिमला पिन असेल तर तिथेच अडतं. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय नंबर घरच्या डायरीत लिहून ठेवायचा. २०२३पासून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर या नंबरावरून हरवलेला फोन देशभरात बंद करता येतो. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

अंदमानात चोरीची भीती मला सगळ्यात कमी वाटते. तिथे अडचण वेगळी आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, तरी स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, नेटवर्क अजून दगा देतं आणि एटीएम मोजकीच आहेत. त्यामुळे लोक रोकड जास्त नेतात आणि भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत ठेवून राधानगरच्या पाण्यात उतरतात. डिकीचं कुलूप हे कुलूप नव्हे, एवढंच मी सांगतो. आणखी एक गोष्ट मी अंदमानात फार कळकळीने सांगतो. किनाऱ्यावरचं प्रवाळ पिशवीत घालून आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि विमानतळाच्या तपासणीत ते सापडतं. भिशीच्या गटातल्या एका शांत स्वभावाच्या काकांना नातवासाठी उचललेल्या तुकड्यावरून तिथे बाजूला उभं केलं गेलं. आयुष्यात कधी कुणाची काडी न उचललेला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला बघवलं नाही.

मागे राहिलेल्या घराचाही विचार करावा लागतो. राधानगरच्या किनाऱ्यावरून स्टेटस टाकलं की मेदनकरवाडीचं घर रिकामं असल्याची दवंडी पिटली जाते. आमच्या गटात फोटो घरी परतल्यावर टाकायचे असं ठरलेलं असतं. चाकणच्या इमारतींना एक मोठा आधार आहे, तो म्हणजे तीन शिफ्ट. फर्स्टवाला पहाटे निघतो, सेकंडवाला मध्यरात्री येतो, नाइटवाला दिवसा घरी असतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोराला सांगून, त्याला किल्ली देऊन, दारातली दुधाची पिशवी आणि पेपर उचलायला लावून निघालं, तर त्याच्याइतका जागता राखणदार मिळत नाही. परतताना त्याच्यासाठी काहीतरी आणावं.

शेवटी देशातल्याच किनाऱ्यांवर आणि बेटांवर जाणाऱ्यांसाठी. गोव्यात किंवा अंदमानात चोरी झाली आणि विमान पकडायचं म्हणून तक्रार राहून गेली, तर हताश होऊ नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखालच्या चाकण पोलीस ठाण्यातही ती देता येते. वस्तूचं बिल, आयएमईआय नंबर आणि हॉटेलची पावती घेऊन जा, आणि तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय परत येऊ नका.