चिखल, बर्फ, पाणबुडी : पुढे काय पाहाल?

२०२२ चा जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ पाहून खंदकातला चिखल डोक्यातून जात नसेल, तर आधी ‘कम अँड सी’ गाठा. एलेम क्लिमोव्ह यांचा हा सोव्हिएत चित्रपट १९८५ चा. १९४३ च्या बेलारूसमध्ये नाझींनी माणसांसकट जाळलेली गावं एका पोरसवदा मुलाच्या नजरेतून दिसतात, आणि त्या पोराचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होत जातो. (झोपण्यापूर्वी लावू नका.)

क्लिमोव्ह यांच्या पत्नी लारिसा शेपित्को यांचा ‘द असेंट’ (१९७७) बर्फाळ बेलारूसमधल्याच दोन गनिमी सैनिकांचा. एक छळाला पुरून उरतो, दुसरा शत्रूला जाऊन मिळतो. बर्लिन महोत्सवात त्याला ‘गोल्डन बेअर’ मिळालं. माझ्या मते हा ‘कम अँड सी’पेक्षाही काकणभर सरस.

पाणबुडीतली घुसमट हवी असेल तर वोल्फगांग पीटरसन यांचा ‘दास बूट’ (१९८१). जवळपास साडेतीन तासांची ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्तीच निवडा. एवढी सवड नसेल, तर स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) दीड तासाच्या आत संपतो.